उपासाला चालणारी मिशरी

तव्यावर तंबाखू काळी पडू लागली की तिचा जहाल दर्प भल्या सकाळी आमच्या कामथडीच्या घरभर पसरे. डोळ्यांत पाणी येई, घशात ठसका बसे. तरीही तो वास आठवला की मला थोरली वहिनीच आठवते. ती जळकी तंबाखू कुटून तिची मिशरी वहिनी डबीत भरी, उंबऱ्याशी बसे आणि बोटाने हिरड्यांना लावत राही. त्या वेळी तिच्या मुखावर जी तृप्ती उतरे, ती देवदर्शनाहून परतणाऱ्यांच्या मुखावरही मी क्वचितच पाहिली.

एका बाजारच्या दिवशी भावाने भोरहून वर्तमानपत्र आणले. दूरदेशी कुणी उंदरांना चहात साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्या चारल्या आणि त्यांना कर्करोग झाला, असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते. किती चारल्या, माणूस त्यातल्या किती खातो, याविषयी अवाक्षर नाही! साप विषारी असणे निराळे आणि तो आपल्या पायाखाली असणे निराळे, हा भेद वेल्ह्याच्या रानवाटेने चालणाऱ्या कुणालाही कळतो. मग छापणाऱ्यांना का कळू नये? लोकांना भय वाटायचे, तर त्याचे मापही द्यायला नको का?

वहिनीने त्या दिवसापासून चहा सोडला. घरचा गुळाचा चहासुद्धा सोडला, ज्यात ती गोळी कधी पडलीच नव्हती. चहावर तिचा केवढा जीव होता! मिशरीचे काय, असे मी विचारले तेव्हा ती हसली. “भावजी, ती का खायाची वस्तू हाय? उपासाला चालती की.”

तिचेही खरेच होते. एकादशीला निर्जळी राहणाऱ्या बायकाही मिशरी लावीत, आणि उपास मोडला असे कुणी म्हणत नसे. जी वस्तू व्रताला बाधत नाही ती देहाला कशी बाधेल? वर्तमानपत्राने खाण्यापिण्याला बोल लावला होता. मिशरी तर खाण्यातही नव्हती आणि पिण्यातही नव्हती. अशी ती डबी सुखरूप राहिली.

पुढे तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, मग भरता न भरणारी जखम झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंड पाहताच मिशरीचे विचारले, आणि तिने निःशंकपणे मान डोलावली. उपचारांची वेळ टळून गेली होती. भाकरी सुटली, मग दुधात कुस्करलेला भातही सुटला. अखेरच्या दिवसांत मी गुळाचा चहा निववून चमच्याने तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवले. “नगं भावजी. रोग वाढंल.” त्या छापील अर्धसत्याने तिचे मरण तर टळले नाहीच, वर तिच्या तोंडचा शेवटचा गोड घोटही हिरावून नेला. याचा संताप मला अजून आवरत नाही.

दहाव्याला शेजारणी ओसरीवर बसल्या होत्या. एकीने कमरेची डबी काढून बाकीच्यांपुढे फिरवली. “पयल्यापास्नं लई च्या प्यायची, बिचारी,” ती हिरड्यांवर बोट फिरवीत म्हणाली. हा रोग मिशरीचाच, हे डॉक्टरांचे बोलणे मी पुन्हा सांगितले. त्यांनी ते मान देऊन ऐकले. मग आतून चहा आला, आणि एकीनेही कपाला हात लावला नाही.

कप तसेच निवत राहिले. शेजारच्या चुलीवरून तोच जहाल दर्प ओसरीवर आला, आणि त्याने मात्र कुणीच दचकले नाही.