बाई ‘पॉझिटिव्ह’ नाहीत

करुणाबाई भालेराव यांची आणि माझी ओळख झाली ती आमच्या घरी, पप्पांच्या खाटेपाशी. पप्पांना अर्धांगवायूचा झटका येऊन दोन महिने झाले होते. मम्मी हडपसरच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची, म्हणून मी नववीत शाळा सोडून पप्पांजवळ थांबले होते. चर्चमधली माणसं प्रार्थनेला यायची. खाटेभोवती उभी राहून मोठ्यांदा प्रार्थना करायची, चहा घ्यायची, "धीर धर" म्हणून जायची. त्या दिवशी पाळकसाहेबांनी डोळे मिटले तेवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, एक मिनिट. आधी यांना कुशीवर घेऊ." त्यांनी पदर खोचला, पप्पांना वळवलं आणि पाठ बघितली. मोठा लाल चट्टा पडला होता. मला तो दिसलाच नव्हता. "आता करा प्रार्थना," बाई म्हणाल्या, "पण थोडक्यात. पाठ पुसायचीय."

बाई रिटायर होईपर्यंत नर्स होत्या. त्यानंतर दर गुरुवारी त्या आमच्याकडे येत राहिल्या. गुडघे दुखतात तरी तीन जिने चढून.

आता बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. त्यांच्या गौरव अंकासाठी चर्चच्या समितीचं पत्र आलं, त्यात लिहिलंय, ‘बाईंची सकारात्मक विचारसरणी आणि आनंदी राहण्याच्या टिप्स यावर लिहावे.’ ते वाचून मला राग आलाय. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. बाईंकडे टिप्स नाहीत. टिप्स कोणाकडे होत्या ते सांगते.

गेल्या वर्षी आपल्या युवक संघाने चर्चच्या हॉलमध्ये एका सरांचं सेशन ठेवलं होतं. एकवीस दिवसांत आनंदी कसं व्हायचं, हा विषय. सर म्हणाले, जे हवंय ते झालंच आहे असं रोज लिहायचं, आणि मनात शंका आली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं. मी घरी येऊन मोठ्या कागदावर लिहिलं, ‘पप्पा चालत आहेत.’ पप्पांच्या समोरच्या भिंतीवर लावलं. रोज वहीतही लिहायचे. अकराव्या दिवशी पप्पांना संडासला नेताना ते माझ्या हातातून निसटून पडले. मी घाबरून सेशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांना विचारलं. उत्तर आलं, ‘तुझ्या मनात कुठेतरी शंका आहे बेटा. तू विचार बदल, पप्पा उठतील.’ त्याच्याखाली कितीतरी जणांनी हात जोडले आणि टाळ्या टाकल्या. ते सगळे आपलेच लोक होते.

मला ते खरं वाटलं. पप्पा माझ्यामुळे उठत नाहीत असंच वाटायला लागलं. घास तोंडात नुसता फिरायचा, गिळवायचा नाही. मम्मीला सांगायची हिंमत नव्हती.

गुरुवारी बाई आल्या आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"पप्पांना लांबचं दिसतं ना?"

"हो."

"म्हणजे दिवसभर हेच वाचतात."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी जवळबिवळ घेतलं नाही. स्टूल ओढून बसल्या.

"म्हणजे तू बरोबर विचार केलास की ते चालणार, आणि चुकलीस की पडणार?"

"सर म्हणाले तसं."

"मग देवाची जागा तुलाच मिळाली म्हण की. नववी सोडलेल्या पोरीला केवढी मोठी पोस्ट. आजच राजीनामा दे."

नाक वाहत असताना मला हसू आलं. पप्पांच्या घशातूनही आवाज आला, तो हसल्याचाच होता. बाईंनी त्यांनाच विचारलं, "काढू का हो कागद?" पप्पांनी डावा हात वर केला.

मग मी विचारलं, "बाई, तुम्ही रोज आनंदी कशा असता?"

"रोज? कोण म्हणालं? माझा मुलगा गेला तेव्हा वर्षभर मी चर्चमध्ये गाण्याच्या वेळी नुसती उभी राहायचे. तोंड उघडायचं नाही."

"मग?"

"मग काय. मला देवाला धरता येत नव्हतं, त्याने मला धरून ठेवलं. प्रभू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडलाय. मी हसते ते माझं मन खंबीर म्हणून नाही गं. माझं मन म्हणजे चाळणी. पण तो जात नाही ना सोडून. तेवढ्यावर हसते."

पुढच्या रविवारी सर पुन्हा हॉलमध्ये आले होते. आपल्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. पण साक्ष द्यायला कोण उठतं? नोकरी लागली तो, फ्लॅट झाला तो, गाठ विरघळली ती. ज्यांचं काहीच झालं नाही ते मागच्या बाकावर गप्प. मीही तिथेच होते. सरांनी विचारलं, "कोणाला अनुभव सांगायचाय?" आणि बाई उठल्या.

"मुलीच्या बापाचं आजारपण तुम्ही मुलीच्या डोक्यावर ठेवलंत. ते आधी उतरवा."

"आजी, ही निगेटिव्ह एनर्जी..."

"मी तुमची आजी नाही. माझ्या वॉर्डातल्या पेशंटला मी म्हणाले असते, तू तुझ्या विचारांमुळे मरतोयस, तर मेट्रनने मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुम्हाला इथे हार घातलाय."

मग त्या आपल्याकडे वळल्या. "आणि तुम्ही क्रूसाखाली बसून टाळ्या वाजवता. तो तिथे टांगलेला होता तेव्हा त्याचेही विचार चुकले होते का?"

कोणीतरी माइक बंद केला. बाई माइकवर बोलतच नव्हत्या.

त्यानंतर महिनाभर बाईंशी किती जण बोलत नव्हते, ते मी मागच्या बाकावरून पाहिलंय. पाहुण्याचा अपमान केला म्हणे. त्यांच्यातलेच काही जण आज समितीत आहेत आणि बाईंच्या सकारात्मकतेवर लेख मागताहेत. अंक काढा, शाल द्या, फोटो छापा. पण ज्या गोष्टीला बाई सगळ्यांसमोर नाही म्हणाल्या, तीच त्यांच्या नावावर खपवू नका.

पप्पा अजून चालत नाहीत. डॉक्टर म्हणतात, कदाचित चालणारही नाहीत. तरी मी आनंदात आहे. हे कसं, ते मला नीट सांगता येत नाही, पण ते माझ्या विचारांनी झालेलं नाही एवढं नक्की.

करुणाबाईंना देवाने खूप वर्षं द्यावीत. त्यांचे गुडघे दुखायचे थांबावेत, डोळे, दात शाबूत राहावेत. मी हे रोज हट्टाने मागते. मागणं माझं काम, देणं त्याचं, हे मला बाईंनी शिकवलं. ते कळलं त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.