काटा हिरव्यात येईपर्यंत

ट्रॅक्टर सुरू केल्यावर माझे सासरे पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणाशी बोलत नसत. इंजिन चालू ठेवून बाजूला उभे राहत आणि मधूनमधून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला हात लावून पाहत. नळी गरम लागली, की आतली झडप उघडून पाणी फिरू लागलं असं समजायचं. मग ते तापमानाच्या काट्याकडे पाहत. काटा हिरव्या पट्ट्यात आला की माझ्याकडे वळून विचारत, "हं, काय म्हणत होतीस?" तोवर मी काय म्हणत होते ते मीच विसरलेली असे.

त्यांना सगळे नाना म्हणत. बाजव्याजवळच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य बॉयलरसमोर गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पादऱ्याजवळ चिमणभाईंच्या शेताला लागून थोडी जमीन घेतली आणि दोघांत मिळून एक जुना ट्रॅक्टर. माझा नवरा विनय सावली गावच्या कारखान्यात पाळीवर कामाला. रविवारी बहुतेक वेळा त्याची ड्यूटी. त्यामुळे बडोद्याहून नानांना स्कूटरवर शेतात नेणं माझ्याकडे आलं. आठवड्याचे सहा दिवस शाळेत उभं राहून शिकवायचं आणि सातव्या दिवशी हे. नाना एकटे, सासूबाई जाऊन वर्ष झालेलं, शेतात गेले की त्यांना बरं वाटतं, असं मनाशी म्हणून मी हेल्मेट घालायची.

त्या झडपेवरून, म्हणजे थर्मोस्टॅटवरून, त्यांचं पादऱ्याच्या मेकॅनिकशी कायम वाजायचं. मेकॅनिक म्हणे, "काका, काढी नाखो ने. काढूनच टाकली तर उन्हाळ्यात इंजिन गार राहील." नाना शांतपणे सांगत, "गार राहायला तो काय माठ आहे? तापलेलं इंजिन वाफ सोडून सांगतं तरी. गार चालणारं आतल्या आत झिजतं, कुणाला कळत नाही." थंडीत ते रेडिएटरचा खालचा अर्धा भाग गोणपाटाने झाकत, आणि ऊन चढलं की आठवणीने गोणपाट काढत. काम संपल्यावरही लगेच बंद करत नसत. मी पर्स खांद्याला लावून उभी, आणि हे म्हणत, "थांब, त्याला जरा दम खाऊ दे."

मला ट्रॅक्टर चालवायला त्यांनीच शिकवलं. एका मे महिन्यातल्या रविवारी त्यांना चक्कर आल्यासारखं झालं, म्हणून चिमणभाईंनी त्यांना शेताजवळच्या आपल्या घरी नेऊन आडवं केलं. उरलेली नांगरट मी करते म्हटलं. सोमवारी सकाळी निकालपत्रकं द्यायची होती आणि ती अजून लिहायची होती. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकलेला मी पाहिला होता. साफ करायला उतरले नाही. तिसऱ्या फेरीला काटा तांबड्यात गेला आणि वाफ आली. मी इंजिन बंद केलं. अर्धा तास थांबायला हवं होतं. पाच-सात मिनिटांत फडक्याने झाकण उघडलं आणि बोअरचं गार पाणी भसाभसा ओतलं. आतून टक्क असा आवाज आला. इंजिनच्या हेडला तडा गेला होता.

नाना चालत आले, त्यांनी पाहिलं आणि बांधावर बसले. पहिल्यांदा विचारलं, "हात भाजला का?"

"नाही."

"घाईत होतीस?"

"हो."

"मग मला सांगायचंस. राहिलं असतं आजचं."

तेवढ्यात चिमणभाई आले. मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "माझ्या हातून झालं, चिमणभाई. पडून राहवेना, उठून आलो आणि पाणी ओतून बसलो. वय झालं." विनयलाही त्यांनी हेच सांगितलं. आणि मी गप्प राहिले. त्या क्षणी मला इतकंच वाटलं, की आता काही दिवस रविवारी झोपता येईल.

हेड पादऱ्याला दुरुस्त झालं, पण किल्ली चिमणभाईंनी स्वतःकडे ठेवली. विनय म्हणाला, "नाना, पुरे आता. तुम्हाला भान राहत नाही." नाना बरं म्हणाले. चार महिने ते गॅलरीत बसून राहिले. विनय त्यांना गॅसजवळही जाऊ देईना; चहा करायला उठले तरी, "राहू द्या, मीना करेल." मी करायची. कप त्यांच्या हातात देताना त्यांच्याकडे बघणं मला जमायचं नाही.

शेवटी एकदा जेवताना मी सांगून टाकलं. विनयचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "मी त्यांना काय काय बोललो, मीना." दुसऱ्या दिवशी त्याने चिमणभाईंना फोन केला. पुढच्या रविवारी चिमणभाई किल्ली घेऊन स्वतः बडोद्याला आले, नानांच्या हातात ठेवून म्हणाले, "माफ करजो, नाना." ते गेल्यावर नाना माझ्यावर चिडले. "मिटलं होतं ना? कशाला उकरलंस?"

त्यानंतर आम्ही दोन वर्षं पुन्हा जात राहिलो. मग नानांचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं. दवाखान्यात दुपारी मी त्यांच्याजवळ असायची, शाळा सुटल्यावर थेट. अशाच एका दुपारी मी त्या चार महिन्यांबद्दल त्यांची माफी मागितली.

ते छताकडे बघत म्हणाले, "विनय भान नाही म्हणाला ते लागलं. पण रविवार सुटला त्याचं बरं वाटलं होतं. मलाही झेपत नव्हतं गं."

"मग आपण परत जायला का लागलो?"

"तुझ्यासाठी. तेवढंच तुला घराबाहेर पडायला मिळतं, वाटलं."

मी त्यांच्यासाठी जात होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. बहुतेक त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "जरा पड तू पण. त्या बाकावर पड." मी पडले आणि मला गाढ झोप लागली. नर्सने उठवलं तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि नाना जागे होते. मला उठवू नका, असं त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं म्हणे.

पुढच्या आठवड्यात ते गेले. आता माझे रविवार मोकळे असतात. सकाळी सहाला जाग येते आणि मी पडून राहते.