दोनदा चाळलेलं पीठ

बेकरीवाले काका पाव देण्याआधी तो कानाशी धरून दाबत. गाणं एकाच ओळीपर्यंत गुणगुणत. समोर ठेवलेला चहा विसरत आणि मग गारच पीत. पीठ दोनदा चाळत, दोन्ही वेळा तितक्याच काळजीने.

मी बेकरीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. काका माझ्या वडिलांपेक्षा मोठे, पण मला मित्र म्हणत. ते काल गेले. वाक्य लिहिलं, तरी खरं वाटत नाही.

त्यांचा पाव पांढराशुभ्र असे. कोंड्याचा कण दिसला तर त्यांना चारचौघांत सदरा फाटल्यासारखं होई. मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहते. मी तिला आत्या म्हणतो. तिचं सगळं खाणं म्हणजे हाच पाव. तिच्या मोठ्या आतड्याला सूज येई, औषधाने उतरे, मग पहिले पाढे पंचावन्न. गेल्या वर्षी ती इस्पितळातून परतली तेव्हा तिचं मनगट काकांच्या दोन बोटांत मावत होतं.

"सूज उतरलीय," डॉक्टर म्हणाले. "आता हळूहळू कोंडा, भाज्या, डाळी सुरू करा. हा चोथा आपल्याला पचत नाही, पण आतड्यातले जिवाणू त्यावर जगतात. त्यातून जे बनतं ते आतड्याचं अस्तर पोसतं, दाह आटोक्यात राहायला मदत होते. औषध मात्र सोडायचं नाही."

घरी आल्यावर काकांनी चाळणी हातात घेतली.

"म्हणजे तुझ्या वाटचं मी आयुष्यभर चाळून टाकलं."

"टाकलंस ना? मग आता घाल," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंड्याचा पाव केला. भट्टीतून निघाला तो पांढराच. सवयीने हातांनी तेही पीठ चाळलं होतं, दोनदा. आत्या हसून हसून खाटेवर बसली.

"जित्याची खोड, धाकट्या."

काकांनी चाळणी माझ्या खोलीत आणून ठेवली. "मागितली तरी देऊ नकोस."

पुढचा पाव विटेसारखा झाला.

"घर बांधतोयस का?" आत्याने घास बाजूला काढला.

कोंडा पाणी पितो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ते तो आधी भिजवू लागले, सुरुवातीला मूठभरच. तो पाव आत्याने अख्खा खाल्ला. पोट शांत राहिलं. काका कोंडा चिमटीचिमटीने वाढवत गेले. आत्या जिना चढून माझ्याकडे गप्पा मारायला येऊ लागली. सूज परतली नाही.

काल दुपारी काका बाकावर टेकले आणि उठले नाहीत. हृदय थांबलं.

आज आत्याने मला बेकरी उघडायला लावली. ओट्यावर पातेलं होतं, वर ताटली. आत कोंडा फुगून काठाशी आला होता. शेजारच्या परातीत पीठ काढलेलं, मधोमध हाताने केलेला खळगा.

मळायचं राहिलं होतं.