मरायचं नाही, पळायचं!

हसायचं तर हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. परळच्या शाळेत मी खेळाचा हंगामी मास्तर होतो, तेव्हा माझी जी शोभा झाली ती ऐकून भल्याभल्यांना ठसका लागलाय!

शाळेचे साहेब अमेरिकन पाद्री. मराठी झकास बोलायचे. एकदा त्यांनी मायदेशाहून अंड्यासारखा लांबोडका चेंडू आणला. खेळाचं नाव फुटबॉल, आणि चेंडू घ्यायचा बगलेत! आता बोला!

साहेब म्हणाले, "मास्तर, पोरांना पळायचा एक डाव शिकवा. शनिवारी पाहुणे येतील. जमलं तर तुमची नोकरी कायम."

डाव सोपा. पाच पोरं पुढे धावून समोरच्यांना अडवणार. त्यांच्या आडून आमचा सगळ्यात चपळ पोरगा विठू चेंडू घेऊन सुटणार, तो थेट पलीकडच्या टोकाच्या रेघेपार. कुणी धरून आडवा पाडेपर्यंत थांबायचं नाही.

विठू सुटला. समोरच्या एकाचा हात त्याच्या पाठीला नुसता लागला, तर यानं चेंडू खाली ठेवला आणि मुकाट्यानं रेघेबाहेर जाऊन बसला.

"अरे, बसलास काय?"

"मास्तरांनू, तेचो हात लागलो मां! मी मेलंय."

घ्या! हुतूतूत वाढलेली कोकणातली पोरं ती. हात लागला की गडी मेला आणि पलीकडचा एक मेला की हा पुन्हा उठला, एवढंच ठाऊक. पुढच्या खेपेला तर अडवणारेही मेले आणि अडलेलेही मेले. मैदानात उरलो मी आणि चेंडू!

"गधड्यांनो, या खेळात मरायचं नाही!"

"मगे मरूचा खंय?"

"घरी जाऊन मर!"

आठवडाभर मी घसा फोडून घेतला. हात लागला तरी पळ, विठू, पळ! शनिवारी काय पळाला पठ्ठ्या! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेब खूष झाले.

तिथं मी गप्प बसावं की नाही? पण मला चेव चढला. "साहेब, आता गुरूचं पळणं बघा!" म्हणत मी धोतर खोचलं आणि चेंडू बगलेत मारला.

पोरांनी वाट अशी मोकळी केली म्हणता! रेघ हाताशी आली, इतक्यात मागून एका चिमुरड्याचं बोट माझ्या कोपराला लागलं.

मी काय केलं असेल? चेंडू खाली ठेवला, मैदानाबाहेर गेलो आणि मांडी घालून बसलो.

"मास्तर, मरूचा नाय! पळा!" पोरं ओरडत होती. शेवटी विठूनंच चेंडू उचलला आणि रेघेपार नेला.

साहेब घाबरून धावत आले. "मास्तर, काय झालं? कुठे लागलं का?"

मी तोंड उघडायच्या आत विठू म्हणाला, "नाय सायबानू, मास्तर मेले. पलीकडचो एक गडी मेल्याशिवाय ते उठूचे नाय."

आणि खरं सांगू? मी त्याचीच वाट बघत होतो!

पोरांनी डाव राखला म्हणून नोकरी कायम झाली. साहेबांची अट मात्र एकच, यापुढे मास्तरांनी मैदानात पाऊल टाकायचं नाही, बाहेरच बसायचं. तसा मी बसलेलोच होतो म्हणा!