पान पलटा, सर

"पान पलटा, सर."

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गात आल्या की पहिलं वाक्य हेच. शाळा तपासणारे तुम्हीही पाहिले असतील. ते हजेरी बघतात, भिंतीवरचे तक्ते बघतात. बाई फक्त पान पलटायला लावायच्या.

धारूरच्या डोंगरातली आमची द्विशिक्षकी शाळा. मी नवा, आणि स्वतःवर भलताच खूश. दिवाळीनंतर निम्मं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जातं, पोरंही बरोबर. तिसरीतल्या एका मुलीला आजी ठेवून घ्यायला तयार होती, पण अटीवर. "वाचाया येत आसंल तर ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. न्हाईतर इथं बसून काय करायचं? जाऊ द्या आईबापासंगं." बाईंनी शब्द दिला आणि मुलगी माझ्याकडे सोपवली.

पंधरा दिवसांत ती खडाखडा वाचू लागली. मी बाईंना ऐटीत बोलावलं. कोंबडीचा धडा तिने एका दमात संपवला. मी मिशीवरून हात फिरवला. मिशी तेव्हा नव्हती, तरीही.

"पान पलटा, सर."

पलटलं. समोर विहिरीचं चित्र. मुलीने त्यावरही कोंबडीच वाचली.

बाई हसल्या नाहीत. "पोरीनं सांगितलं ते चोख केलंय. तुमी काय शिकवलं?"

"पाठांतर," मी म्हणालो.

"ट्रक कवा येणार हाय?"

"बारा दिवसांनी."

"लई हायेत. बसा खाली."

रोज शाळा सुटल्यावर चटईवर मुलगी, शेजारी बाई, आणि त्यांच्या शेजारी मी, शिकवायचं कसं ते शिकायला. अक्षरं झाली की साबणाचं वेष्टन, खताची गोणी, एसटीची पाटी.

ट्रक आला त्या सकाळी आजीने रेशनकार्ड पुढे केलं. मुलगी बोट ठेवून, अडखळत, घाम पुसत वाचू लागली. आजीचं नाव आलं तेव्हा म्हातारीने पदर सावरला.

"पान पलट गं," बाई हळूच म्हणाल्या.

मुलीने पलटलं. तेही वाचलं.

"हिचं गठुडं खाली घ्या," आजी ट्रककडे बघून म्हणाली.

मागच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण मी घोकून गेलो होतो, एका दमात म्हटलं. पहिल्या रांगेतून आवाज आला, "पान पलटा, सर." माझ्याकडे दुसरं पान नव्हतं.

यंदा ट्रक गेले, तरी माझा वर्ग भरलेला आहे. कुणी फार खडाखडा वाचू लागलं की मला धडकी भरते. दाराकडे बघतो. तिथं कुणी नसतं. मग मीच पान पलटतो.