मोठ्यानं वाच

बाबांचा फोन दुपारी सव्वातीनला आला. मी सातपूरला, ऑफिसात होते. "सई, विमलआत्याला जरा बरं वाटत नाहीये. हातातलं काम झालं की निघून ये," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. एरवी बाबा कधीच आधी फोन ठेवत नाहीत. आमच्या घरात कुणी असं फोन करून 'जरा बरं नाही' म्हटलं की काय समजायचं, हे मला ठाऊक होतं... आत्यानंच सांगितलं होतं. मी कॉम्प्युटर तसाच सोडून पर्स घेतली. जिना उतरून रिक्षा केली. रिक्षात रडू आलं नाही, नुसती भीती वाटत राहिली. आता पाच आठवडे झाले. भीती अजून तिथंच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

विमलआत्या ही बाबांची मोठी बहीण. चांदवडजवळच्या गावातून लग्न होऊन नाशिकला आली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मग सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं विजेच्या मोटारींना तार गुंडाळायच्या, वाइंडिंगच्या कामावर बसली. तांब्याची तार ओढून ओढून तिच्या तर्जनीला कायमची खाच पडली होती. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरला आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. मी तशी कुणाशी फारसं बोलत नाही. तिच्याकडे मात्र जाऊन बसायचे, कारण ती बोलायची आणि माझ्या उत्तरासाठी थांबायची नाही.

आजी गेली तेव्हा आत्या पहिल्या शिफ्टला होती. मोठ्या काकांनी गावाहून कारखान्यात फोन केला : आईला जरा बरं नाही, येऊन जा. आत्यानं शिफ्ट पूर्ण केली, आईसाठी मोसंबी घेतली आणि बस धरली. पोचली तेव्हा सगळे स्मशानातून परतून, आंघोळी करून अंगणात बसले होते. "घाबरशील म्हणून नाय सांगितलं," काका म्हणाले. आत्या मोसंबीची पिशवी ओट्यावर ठेवून त्याच पावली फिरली. त्यानंतर अकरा वर्षं ती काकांशी बोलली नाही.

गेल्या वर्षी आमच्या कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद होऊन तिथं थाई रेस्टॉरंट आलं. सहा टेबलं, भिंतीवर बांबूची चटई, आणि काउंटरमागं नाशिकरोडचा नितीन. बरीच वर्षं जहाजावरच्या किचनमध्ये काम करून परत आलेला. आत्याच्या पोटात सारखं दुखायला लागलं, तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा तिनं सोबत फक्त मला नेलं. घरी सांगायचं नाही, अशी अट होती. पहिल्या तपासणीनंतर परत येताना ती त्या पाटीसमोर थांबली. "चल, आत बसू. आपल्यातलं कुणी इथं मेलं तरी यायचं नाही." मग प्रत्येक तपासणीनंतर तिथं जायचं ठरूनच गेलं.

आत्या मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. इंग्रजी मात्र दुकानांच्या पाट्यांपुरतं. मेन्यू इंग्रजीत, त्यामुळे वाचणं माझ्याकडे. माझा आवाज मुळात लहान, त्यात शेजारच्या टेबलावर कुणी असलं की आणखी बारीक व्हायचा. "मोठ्यानं वाच. एवढी फी भरून इंग्रजी शाळेत घातलं ते तोंडातल्या तोंडात बोलायला?" हिरवी करी पहिल्यांदा समोर आली तेव्हा तिनं वाटीवर वाकून वास घेतला आणि नितीनला हाक मारली.

"काय रे, आमटीत गवती चहा घातलास?"

"मावशी, थाई लोक घालतात."

"कुठून आणतोस? वाळकाच दिसतोय."

पुढच्या वेळी आत्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी घेऊन आली. तिच्या बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा माजलेला होता. नितीन पैसे द्यायला लागला तर म्हणाली, "करीत भोपळी मिरची कमी घाल, तेवढं पुरे." तेव्हापासून प्रत्येक वेळी जुडी.

जानेवारीत गाठ सापडली. ती कुठवर गेली आहे हे बघायला फेब्रुवारीत स्कॅन झालं. रिपोर्ट आमच्या हातात आला त्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी होते, तीन आठवड्यांनी भेटणार होते. आम्ही नेहमीच्या टेबलावर बसलो. आत्यानं पाकीट माझ्यापुढं सरकवलं, मेन्यू सरकवायची तसंच. "वाच. वाईट असलं तर या रविवारीच चांदवडला जाते, दादाशी एकदाचं बोलून टाकते. बरं असलं तर कांदे काढून झाल्यावर जाईन. आत्ता त्याला डोकं वर करायला वेळ नसेल."

मी वाचलं. तीन ओळींत सगळं होतं. यकृतात, फुप्फुसात. मला प्रत्येक शब्द कळत होता... त्या क्षणी तेच वाईट वाटलं, की कळतंय. नितीनच्या किचनमध्ये कढईवर झारा आपटत होता. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, शांतपणे. मी म्हणाले, "थोडी सूज आहे. बाकी तसं काही नाही."

"बरं," आत्या म्हणाली. "मग कांदे निघू दे."

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. फोन वाजला की मी तो उलटा ठेवायचे. आत्या आमच्या घरी आली की मी आतल्या खोलीत जायचे. जेवताना बाबा विचारायचे, "तुझं काही बिनसलंय का?" मी मान हलवायचे. आत्याचा चेहरा बारीक होत चालला होता, पाय सुजायला लागले होते, आणि ती सगळ्यांना हसून सांगायची, "सूज आहे थोडी." माझेच शब्द. डॉक्टर परत यायची तारीख जवळ येत होती. ते मराठीतच बोलणार होते. ते बोलतील तेव्हा आत्या आधी त्यांच्याकडे बघेल की माझ्याकडे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहायचं.

शेवटी, डॉक्टरांकडे जायच्या तीन दिवस आधी, शनिवारी मी तिला घेऊन नितीनकडे गेले. दुसरी कुठली जागा सुचली नाही. करी आली. मी हात लावला नाही.

"आत्या, त्या दिवशी मी चुकीचं..."

"चुकीचं वाचलंस की चुकीचं सांगितलंस?"

"सांगितलं."

तिनं चमचा खाली ठेवला. "मग आता बरोबर सांग. आणि मोठ्यानं."

मी सांगितलं. शेजारच्या टेबलावर दोन कॉलेजची मुलं होती, त्यांनी वळून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. आत्यानं हिरव्या रश्श्याची वाटी बाजूला सरकवली.

"किती दिवस झाले?"

"अठरा."

"आईच्या वेळी अर्धाच दिवस होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग तिनं नितीनला उरलेलं बांधून द्यायला सांगितलं, आणखी एक करी आणि भात वेगळा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं चांदवडला गेलो. काका कांद्याच्या शेतातून आले, पाय न धुताच ओट्यावर टेकले. तिचा चेहरा बघूनच त्यांना समजलं असावं. आत्यानं आजार सरळ सांगितला, एका वाक्यात. काका डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिले.

"त्या टायमाला तू घाबरशील म्हणून..."

"मला घाबरायचं होतं, दादा. आई माझी बी होती. तुम्ही मला घाबरू बी नाय दिलं."

ती हे काकांना म्हणाली. मी तिच्या मागं, दाराला टेकून उभी होते. ती वळली नाही.

दुपारी करी गरम झाली. काकांनी भाकरी कुस्करून घेतली, दोन घास खाल्ले आणि थबकले. "इमल, यात चहा पडलाय का?" आत्या हसायला लागली, इतकी की तिला पोट धरावं लागलं. कांदे निघेपर्यंत राहा, असं काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिलाही राहायचं होतं. पण मंगळवारी डॉक्टर होते, आणि त्या मंगळवारनंतर तिला नाशिकबाहेर पडता आलं नाही. अकरा वर्षांनंतर बहीणभावाला एक दुपार मिळाली. डॉक्टर मला नंतर म्हणाले, अठरा दिवस आधी दुसऱ्या कुणाकडे गेला असतात तरी उपचारात फरक पडला नसता. ते उपचारांबद्दल बोलत होते. ओट्यावरच्या अठरा दुपारींबद्दल त्यांना विचारता येत नाही.

शेवटपर्यंत आत्या माझ्यावर रागावली नाही. घरीही तिनं सगळं सांगून टाकलं, तरी हॉस्पिटलात कागद आला की पाकीट माझ्याकडेच द्यायची. मी वाचायचे, सगळं, जसं आहे तसं. एकदा मी विचारलं, तुला भीती नाही वाटत का? "वाटते ना," ती म्हणाली, "पण आता दोघींना एकाच गोष्टीची वाटते. मधे तुला वेगळी वाटत होती."

तिच्या बाल्कनीतली कुंडी आता माझ्या खिडकीत आहे. पाणी घातलं नाही तरी वाढते. गेल्या आठवड्यात पाती जमिनीला टेकायला लागली, तेव्हा मी जुडी कापली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कोपऱ्यावर गेले. दोन वेळा दारावरून परत फिरले. नितीननं काचेतून बघितलं आणि स्वतःच दार उघडलं.

"या, या. एकट्याच? मावशी बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

त्याचा चेहरा इतका मोकळा होता. हातात झारा, ॲप्रनवर डाग. माझ्या जिभेवर शब्द आलेच होते... जरा बरं नाही. नुसते म्हणायचे होते. टेबलावर माणसं जेवत होती, कुणीतरी हसत होतं.

"मावशी गेल्या," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. दोन-तीन टेबलांवरची माणसं थांबली.

नितीननं झारा खाली ठेवला. मी जुडी पुढं केली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, आणि मी आमच्या टेबलावर जाऊन मेन्यू उघडला.