खंडेरावांची झोप आणि कॉफीची बीअर

खंडेराव वीस वर्षं थुंकण्याचा पगार घेतात, असं त्यांची बायको बायडाबाई चारचौघांत बिनधास्त सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. नाशिकजवळच्या एका वायनरीत ते तळघरात कामाला होते. वाइनचा घोट तोंडात घ्यायचा, गालात घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. गिळत बसलं तर दुपारपर्यंत माणूस भिंतीला टेकायचा. खंडेराव इतकं नेमकं थुंकत, की भांड्याच्या काठाला थेंब लागत नसे. पुढे मालक बदलले, नव्या मालकांनी जुनी माणसं कमी केली, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी खंडेराव गिरणारे रस्त्यावरच्या एका छोट्या बीअरच्या कारखान्यात लागले.

तिथे पहिल्याच दिवशी त्यांची कला पाण्यात गेली. बीअर बनवणारी साक्षी नावाची मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची, मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. खंडेराव थुंकायला भांडं शोधताहेत हे पाहून ती हसली. बीअरचा कडूपणा घशाशी कळतो, गिळल्याशिवाय चव लागतच नाही, असं तिनं सांगितलं. खंडेरावांनी गिळली. फुकट प्यायला मिळते म्हणून गल्लीतल्या मंडळींना त्यांचा हेवा वाटला. खंडेरावांना मात्र आपण कारागिराचे हमाल झालो असं वाटलं.

कामाची रीत ठरलेली होती. मुरायला ठेवलेल्या टाकीची चव रोज संध्याकाळी सहाला घ्यायची. दोन ग्लास काढायचे, एक थंडगार असताना चाखायचा आणि दुसरा अर्धा तास ठेवून, म्हणजे गारठ्याखाली लपलेला दोष वर येतो. साक्षी दोन घोट घेऊन बाकीची ओतून द्यायची. खंडेरावांना ते बघवत नसे. ताटातलं आणि पेल्यातलं टाकायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण, आणि आईनं त्यात बीअरचा अपवाद सांगितला नव्हता. ते दोन्ही ग्लास संपवत, टाकीवर लावलेल्या तक्त्यावर सही करत आणि सिटी बसनं सातपूरला घरी जात.

घर म्हणजे दोन खोल्या. बायडाबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी निकिता पिंपळगाव बसवंतला दिलेली. नवऱ्याचं द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचं पॅकहाउस, हंगामात तिला श्वास घ्यायला फुरसत नसे, पण दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन ठरलेला. बाकी सहा दिवस त्या घरात कुणी बोलत नसे. खंडेरावांनी चहासुद्धा सोडला होता. एकट्यापुरता चहा त्यांना कधी जमलाच नाही. दरवेळी दोन कप व्हायचा, आणि दुसऱ्या कपाकडे बघून पहिलाही जाईना. शेवटी चहाचं पातेलंच त्यांनी वर ठेवून दिलं.

एवढं असूनही त्यांना झोप मात्र छान लागायची. नऊला पाठ टेकली की थेट सहाला जाग. आणि ह्याच गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटायची.

त्याला कारण होतं. बायडाबाई दवाखान्यात होती तेव्हा चार रात्री खंडेराव तिच्या उशाशी जागे बसले. पाचव्या रात्री खाटेशेजारी चादर टाकून जरा आडवे झाले ते गाढ झोपले. पहाटे पावणेचारला नर्सनं हलवून उठवलं, तेव्हा सगळं संपलं होतं. दहाव्याला बायडाबाईची बहीण लताबाई बायकांत बसून म्हणाली, ‘दाजी झोपले व्हते म्हणे.’ तिनं ते काही कुजकेपणानं म्हटलं नव्हतं, पण खंडेरावांच्या काळजात ते जे रुतलं ते रुतलंच. त्यानंतर निदान आपली झोप उडायला हवी होती, असं त्यांना वाटे. बायको गेलेल्या माणसाला रात्री खायला उठतात म्हणे. ह्यांना कूस बदलल्याचंही आठवत नसे. आपण तिच्यावर माया केली की नुसता संसार केला, हा प्रश्न ते रोज सकाळी दात घासताना स्वतःला विचारत आणि उत्तर न देता चूळ भरत.

यंदा दिवाळी झाली आणि त्यांची झोप उडाली.

नऊला डोळा लागे, पण दीड वाजता टक्क जाग यायची ती उजाडेपर्यंत. छाती जराशी धडधडे. आणि त्या अंधारात बायडाबाई यायची. भुताखेतासारखी नाही, आपली नेहमीसारखी. वांगी पारखताना देठ दाबून बघणारी, टीव्हीवरच्या सासवांशी भांडणारी, नव्या चपला चावल्या म्हणून त्र्यंबकच्या बाजारातून अनवाणी चालत आलेली. तीन वर्षांत जे एकदाही आठवलं नव्हतं ते रांगेनं आठवू लागलं. खंडेरावांचे डोळे सुजले, पाय जड झाले, आणि मनातून त्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका. आपण दगड नव्हतो. उशिरा का होईना, दुःख आलं होतं.

रविवारी रात्री मात्र ते पूर्वीसारखे झोपत. लेकीशी बोलल्यानं मन हलकं होत असेल, असा हिशेब त्यांनी लावला आणि पुढे एका रविवारी तिचा फोन मुद्दाम लवकर आवरता घेतला. तरी झोप लागलीच. त्यांनी त्याकडे कानाडोळा केला.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातून एका टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि पन्नासेक लिटर बीअर गटारात गेली. साक्षी ओरडली नाही. स्टूल ओढून समोर बसली आणि तब्येतीचं विचारलं. खंडेरावांनी सांगितलं, झोप नाही, बायकोची आठवण येते. सांगताना त्यांचा आवाज थोडा ताठ होता, हे साक्षीच्या लक्षात आलं असावं. कधीपासून, असं तिनं विचारलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साक्षी उठून चार नंबरच्या टाकीवरचा तक्ता घेऊन आली. ह्या टाकीत दिवाळीआधी कॉफीची बीअर लावली होती. भरडलेली कॉफी जाळीच्या पिशव्यांतून दोन दिवस आत सोडली होती, आणि यंदा साक्षीनं कॉफी दुपटीनं घातली होती. तक्त्यावर चव घेतल्याची पहिली सही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची. रोज खंडेरावांची सही. रविवारी सुट्टी, म्हणून रविवार कोरे.

“काका, तुम्ही दोन्ही ग्लास संपवता ना?” तिनं विचारलं.

मग तिनं नीट समजावलं. कॉफी नुसत्या वासापुरती नसते, तिच्यातलं कॅफिन बीअरमध्ये उतरतं. ह्या टाकीचे दोन ग्लास म्हणजे चांगला मोठा कप भरून कॉफी. सहाला घेतलेलं अर्धं कॅफिन रात्री अकरा-बारालाही अंगात असतं, आणि ज्यानं चहासुद्धा सोडलाय त्याला ते जास्तच लागतं. बीअरनं आधी डोळा लागतो, पण तीच मध्यरात्रीनंतर झोप मोडते, आणि मग कॉफी परत झोपू देत नाही. उद्यापासून ह्या टाकीची चव सकाळी दहाला घेऊ, असं म्हणून तिनं खिशातलं पेन काढलं.

खंडेराव तक्त्यावरच्या कोऱ्या रविवारांकडे बघत राहिले. आपलं दुःख कुणीतरी खोटं ठरवून परत मागतंय असं त्यांना वाटलं.

“संध्याकाळीच राहू द्या, मॅडम,” ते म्हणाले.

तिनं कारण विचारलं. आणि जे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं, ते ह्या परक्या मुलीला सांगितलं. “ती गेली तव्हा मी झोपेल व्हतो. शेजारीच. घोरत आसंल बी. आता कुठं तिच्यासाठी जागा राहाया लागलो, तं तुम्ही म्हणता कॉफी हाय.”

साक्षीनं समजूत घातली नाही. तिनं पेनाला टोपण लावलं. मग तिनं अगदी साधं विचारलं, काकू शेवटचं काय बोलल्या होत्या? काही नाही, असं म्हणायला खंडेरावांनी तोंड उघडलं आणि थांबले. ती रात्र त्यांनी हजारदा आठवली होती, पण दरवेळी नर्सच्या हातापासून पुढे. त्याच्या आधीचं कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही मागे वळून पाहिलं नव्हतं.

“म्हणली, चार रातींचे जागे हाये तुम्ही. पडा आता. मी हाय ना जागी.”

खंडेरावांना रडू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा आलं आणि तेही दिवसाउजेडी, बीअरच्या टाक्यांमध्ये, दुसऱ्याच्या लेकीसमोर. साक्षीनं त्यांना रडू दिलं. मग तक्त्यावर ‘सकाळी दहा’ लिहून तो त्यांच्यापुढे धरला, आणि त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी त्यांनी चव घेतली नाही. घरी जाऊन खिचडी टाकली, जेवले, भांडी घासली. नऊ वाजता अंथरूण घातलं, दिवा मालवला, आणि त्या रिकाम्या खोलीत कुणीतरी ऐकावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, “पडतो गं.”